चकती नंबर दोन

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं
लोकांचे तराजू खोटे ठरवले.
आता निवृत्तीनंतर माझ्याच घरात
एक वस्तू धड पुरी नाही.

पुरणयंत्र आहे, दांडा नाही.
हवेच्या स्टोव्हच्या टाकीत अजून तोंड दिसतं,
बर्नर कुणी काढून नेला.
सेलूच्या एका आचाऱ्याकडून आणलेला आइस्क्रीमचा पॉट,
आतल्या पंख्याची तीनातली दोनच पाती उरलीत,
दर फेरीला एकदा उचकी देतो.
कुमुदिनी पाहुण्यांना सांगते,
हा आमचा अपघात विभाग.

मग मंठा चौफुलीपाशी, खय्यूमच्या भंगारात,
शेवयांचं मशीन.
बिडाचं – धातू, जिल्हा नव्हे –
हातात उचलून म्हणालो, साडेअकरा किलो.
काट्यावर चाळीस ग्रॅम जास्त भरलं.
"मिट्टी है साब," खय्यूम म्हणाला, "उसके पैसे नक्को."
अंगावर उठावाची अक्षरं: '…ळे आणि मंडळी, जालना',
अलीकडचं नाव गंजानं खाल्लेलं.
दांडा होता. दातेरी चाक होतं.
बाजेला आवळायचा स्क्रूसुद्धा होता.
तोंडाला चकती नव्हती.

"वो तो भट्टी में गई होंगी.
अब्बी किसी के स्लॅब में सो रई होंगी."

तेव्हापासून बांधकामावर
उभ्या सळया दिसल्या
की मी उगाच थांबतो.

दिगंबर पांचाळ लेथवर नवी कातून द्यायला तयार होता.
फक्त विचारलं, भोकं किती?
मला सांगता येईना.
आयुष्यभर मापं घेतली,
आईच्या शेवया मात्र
नुसत्या खाल्ल्या.

जाफराबादचा बाजार, अंबडची भांडेगल्ली,
परतूरला एका सोनाराच्या माळ्यावर
सोऱ्याच्या चकत्या मिळाल्या पसाभर,
चांदणीच्या, पट्टीच्या, सगळ्या लहान.
एकाने तर टाळ दाखवला.

आणि भोकरदनच्या पुढं, एका वस्तीवर,
पाणी मागायला थांबलो,
तर गिरजाबाई डोईफोडेच्या खुराड्याला
झरोक्याच्या जागी, तारेनं आवळलेली,
ती.
पिल्लांना वारा, मुंगसाला मज्जाव.
कडेला कोरलेला दोनचा आकडा.
खिशातल्या व्हर्नियरनं माप घेतलं,
कोंबड्या ओरडत होत्या. केसाचाही फरक नाही.
भोकं मोजली दोनदा: एकशे सात.

पाचशेची नोट काढली.
"काहून?" ती म्हणाली,
"मुंगूस पैसे खातंय व्हय?"
मग बराच वेळ माझ्या बुटांकडं बघून,
"मशीन हितं आना. चैतात.
माझं मशीन पोरानं इकलं,
चकती तेवडी राखेत दडवली व्हती म्या."

एसटीत मांडीवर मशीन घेऊन बसलो.
कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं,
वजन बरोबर लावलं होतं, मी तपासलं.

बायकांनी सुईनं एकेक भोक मोकळं केलं,
गंज निघाला, कोंडा निघाला,
एका भोकातून एक बारीक पीस.
पहिल्या शेवया काळ्या आल्या,
त्या कोंबड्यांना टाकल्या.
दुसऱ्या तांबूस.
तिसऱ्या खेपेला कुणी काही बोललं नाही,
दोन बाजांच्या मधल्या काठीवर
गव्हाचा वास वाळत राहिला
आणि दांडा फिरवून फिरवून
माझा खांदा जागेवरून गेला.

दिवस मावळायच्या आत
चकती धुतली, पुसली,
परत खुराड्याला आवळली.
तारेचा शेवटचा पीळ मीच दिला.

एक डबा खय्यूमला, ईदच्या खीरखुर्म्यासाठी.
त्यानं वजन केलं नाही.

रात्री वही काढली.
'शेवयांचं मशीन, बीड, जालना बनावट.'
पुढं 'अपूर्ण' लिहिलेलं होतं, ते खोडलं,
'पूर्ण' लिहिणंही खोटं मापच झालं असतं.
लिहिलं:
चकती आहे. मुक्काम भोकरदन तालुका. ड्यूटीवर.
पुढील पडताळणी: येता चैत्र.