उशिराची वही

गृहशास्त्राच्या पेडणेकर बाई रजेवर गेल्या, बाळंतपणाच्याच,
आणि बालसंगोपनाचा तास माझ्या गळ्यात पडला.
मी गणिताचा. चुनाभट्टीच्या या पालिका शाळेत
अकरा वर्षं फक्त क्षची किंमत काढत आलोय.

पहिल्या दिवशी फळ्यावर आलेख काढला:
आडवे महिने, उभे किलो.
रेघ चढत गेली छान.
मागून कुणीतरी म्हणालं,
"सर, जुलाब लागले की खाली येते ती."
पुस्तकातली रेघ कुठेच खाली येत नव्हती.

बाईंच्या कपाटात एक बाहुली निघाली.
एक डोळा मिटणारी, दुसरा सताड उघडा,
पोटावर शाळेचा जांभळा शिक्का.
बाळ कसं उचलावं ते मी वाचून दाखवलं:
एक हात मानेखाली, दुसरा कुल्ल्यांखाली.
प्रणित शिर्केनं तिला तंगडीला धरून
पंख्याखाली गरगर फिरवलं.
वर्ग हसला. मीही, थोडा.
तेजल घाडीगावकर उठली,
त्याच्या हातातून बाहुली काढून घेतली,
खांद्यावर टाकली
आणि पाठीवरून हात फिरवत उभी राहिली
ढेकर येईपर्यंत.
बाहुलीला.

मग कोणी हसलं नाही. मग प्रश्न आले.
टाळू कधी भरते?
रांगायला शिकताना आधी मागेच का सरकतं?
मोबाइल दाखवला तरच घास गिळतं, काय करायचं?
आणि हा भाविका सोनटक्केचा:
"आमच्या खाली वेल्डिंगचं दुकान आहे.
आमची छोटी आधी दचकायची, आता दचकत नाही.
हे चांगलं की वाईट, सर?"
कान तपासून घ्या, म्हणालो, उद्याच.
बाकीच्यांना म्हणालो, वाचून सांगतो.
इतक्या वेळा "वाचून सांगतो"
मी अकरा वर्षांत म्हटलं नव्हतं.

घरी जाण्याआधी उशिराची वही काढली.
शाळा सात दहाची.
घाडीगावकर तेजल, सात तीस. सात पस्तीस. सात तीस.
जूनपासून एकोणतीस वेळा,
एकोणतीस वेळा माझी लाल सही,
आणि कारणाचा रकाना कोरा.
दुसऱ्या दिवशी विचारलं.
आईची पहिली पाळी, सायन हॉस्पिटलात, सफाईची.
भावाला न्हाऊ घालायचं, पेज भरवायची,
शेजारच्या काकू उठल्या की द्यायचं.
बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं तिनं.
काकू कधी उठतात हे मात्र
काकूंवर असतं, म्हणाली.

गुरुवारी नाल्याकडच्या गल्लीत अंगणवाडीवर गेलो.
वजनाचा दिवस. आढ्याला काटा, काट्याला झोळी,
झोळीत आळीपाळीनं कुणाकुणाचं रडणं.
कुंदाताई आकडे लिहीत होत्या.
मान वर न करता त्यांनी समोरच्या हातांत
एक आठ महिन्यांचं बाळ दिलं.
हात प्रणितचे होते.

त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी काय सांगणार? मी पान सत्तेचाळीस आठवत होतो.
तेजल लांबूनच म्हणाली, "कोपर वर घे."
त्यानं घेतलं.
बाळानं त्याच्या शर्टाचं बटण तोंडात धरलं,
जरा चोखलं, आणि झोपून गेलं,
अगदी अनोळखी माणसाच्या अंगावर,
काही न विचारता.

प्रणित हलेना.
माशी नाकावर बसली तरी हलेना.
हाताला मुंग्या आल्यात, सर, असं ओठांनीच म्हणाला,
आणि मी द्यायला कुणाला बोलावू लागलो
तर मान हलवून नाही म्हणाला.
माझ्या खिशात मुख्याध्यापकांचा फोन
दोनदा थरथरून गप्प झाला.

सातवा तास बुडाला तो माझाच होता, वर्गमूळं.
परत आल्यावर वही मीच भरली:
एकतीस नावं, खाली माझं.
कारणाच्या रकान्यात
वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढून लिहिलं,
बाळ झोपलं होतं.