पान चौथं

फॉर्मची पहिली तीन पानं मी उभ्या उभ्या भरली,
ओट्यापाशी, एका हाताने.
दुसऱ्या हातावर तो.
नाव रूफस. वय चौदा महिने.
लसी सगळ्या दिलेल्या, तारखा सोबत जोडल्यात.
वडील डेक्लन, ट्यूनाच्या बोटीवर,
दहा-दहा दिवस समुद्रात, फोन लागेलच असं नाही.
आई मी. सोमवारपासून पुन्हा पोर्ट लिंकनच्या मासळी कारखान्यात,
पहाटे सहाची पाळी.

चौथ्या पानाला मात्र बसावं लागलं.

'बाळ कशाने शांत होतं?'
खाली दोन ओळी आखलेल्या.

काय लिहू?
की चमच्यांचा खण ओढला की तो रडायचा थांबतो,
पण पूर्ण ओढायचा नाही, अर्धाच,
आणि मग आपणही गप्प राहायचं,
जणू दोघं मिळून चमच्यांचं काही ऐकतोय.
की डाव्या कानामागे फुंकर घातली तर हसतो,
उजव्या कानामागे घातली तर रागावतो.
हे मला कुणी शिकवलं नाही,
कधी शिकले तेही आठवत नाही.
दोन ओळींत बसवता बसवता अक्षर मुंगीएवढं झालं,
मग समासात शिरलं,
मग पान उलटून मागे गेलं.

'बोलतो का?'
'मा' म्हणतो.
पण फ्रिजला म्हणतो.
हे खोडलं. मग परत लिहिलं.
तिच्या घरातल्या फ्रिजला त्याने हाक मारली
तर तिला कळायला हवं.

तिचं, म्हणजे मर्नाचं घर
टेकडीच्या वळणावर.
गेल्या मंगळवारी बघायला गेले तेव्हा
प्रश्नांची यादी घडी करून खिशात नेली होती:
धुराचा अलार्म, मागच्या फाटकाची कडी,
औषधं कुठे ठेवता, कुत्रा आहे का.
यादी खिशातच राहिली.
कडी तेवढी हलवून पाहिली, ती बघत नसताना.
ती बघत होती. म्हणाली,
"अजून जोरात ओढा, आमची ओडेट रोज ओढते."

ओडेट तीन वर्षांची. एका पायात गमबूट.
दुसरा गमबूट तिने रूफससमोर आणून ठेवला.
त्याने आत डोकावलं, हात घातला
कोपरापर्यंत,
आणि माझ्याकडे वळून बघायचं विसरला.

मी गाडीच्या किल्ल्या वाजवल्या.
उगाचच.
तरी नाही.

निघताना मर्ना म्हणाली,
तुम्ही वापरलेला एखादा शर्ट आणा, न धुतलेला,
दुपारी झोपवताना जवळ ठेवीन.
हो म्हणाले,
आणि घरी येऊन कपड्यांच्या ढिगासमोर उभी राहिले.
कुठला देऊ?
आत्ताचे सगळे दुधाचे, उष्ट्या केळ्याचे.
सोमवारनंतर माझा वास बदलणार:
बर्फ, खारं पाणी, रबरी हातमोजे, मासळी.
साबणाने जात नाही तो, लिंबानेही नाही.
मला ठाऊक आहे.
माझी आई तीस वर्षं त्याच पट्ट्यापाशी उभी होती,
आणि शेजारच्या बाईंकडे मी.
ती फाटकात शिरायच्या आधी तिचा वास शिरायचा.
बाकीची मुलं नाक मुरडायची.
मी हातातलं खेळणं टाकून उठायचे.

आज रविवार. पिशवी दाराशी.
टोपी, टोपीवर नाव. डबा, झाकणावर वेगळं नाव.
मोजे पाच जोड, प्रत्येकावर शाईने नुसतं 'रू',
पूर्ण नाव मावलं नाही.
शर्ट निळा. डेक्लनचा, पण घालते मीच.

फॉर्मवर एकच जागा कोरी होती:
'बाळाला न्यायला कोण येईल?'
'मी', लिहिलं.
मग खाली, कुणी विचारलं नसताना:
तीन वाजून वीस मिनिटांनी.
वारा बंदराकडून असला
तर तुमच्या आधी त्याला कळेल.