साडेबारा

सतव्यात, रंगाच्या दुकानामागे,
शराफत चौगल्यांच्या दोन मशिनी.
एक म्हातारी, दुसरी तिच्याहून.
मी राखाडी कापडाचा तागा पुढ्यात ठेवला
तेव्हा ते चष्म्यावरून बघत राहिले.
"टोपीवाला गरम झगा? हय? जूनमधी?
डोका फिरला काय गो बाय?"

म्हटलं, मामू, इथे थंडी आत राहते.
मॉलमध्ये, बँकेत, क्लासात,
बाबांच्या ऑफिसात, जिथे ते वीस वर्षं
लग्नातला स्वेटर घालून हिशेब लिहितात.
ऊन आहे ते फक्त
बाहेर काम करणाऱ्यांचं.

म्हणून नाव ठेवलं साडेबारा.
उन्हाळ्यात साडेबाराला
बांधकामं कायद्याने थांबतात,
माणसं सावलीच्या पट्टीत ओळीने आडवी होतात
बुटांची उशी करून, तीनपर्यंत.
शाळेच्या बसमधून ती पट्टी मी रोज बघितली,
थंडगार काचेला नाक लावून.

छातीवर काही छापलं नाही. पाठीवरही नाही.
टोपीच्या आत, मानेला लागेल तिथे,
हाताने घातलेला आकडा.
एक ते चाळीस.

चाळीस खपायला पाच महिने लागले.
त्यातले सात मैत्रिणींना, उधार;
त्या उधारीवर आजही बोलणं नको.
अकरा नंबर शिबूचा,
जो गाड्यांच्या खिडक्यांशी करक चहा पोचवतो.
त्याने तीन हप्त्यांत पैसे फेडले,
शेवटच्या हप्त्यासोबत एक पराठा.
बावीस शम्माचा. तिने बाही
गाडीच्या दारात फाडून आणली.
मामूंनी रफू केला, पैसे घेतले नाहीत,
दोरा मुद्दाम लाल.
"फाटलेला लपवाचा नाय. शिवलाय ता दिसू दे."
पुढच्या आठवड्यात दोन मुलं आली
धड बाह्या घेऊन, लाल दोरा मागत.
मामूंनी हाकलून दिलं:
"आधी फाडून आना. वापरून."
मला वाटतं, धंदा तिथे सुरू झाला.

मग करामात नकला निघाल्या.
तोच राखाडी, तीच टोपी, चाळीस दिरहम.
आकडा मात्र सगळ्यांवर एकच, सतरा.
मी रडले, वकिलाची फी विचारली,
परत रडले.
सकाळी दुकानापुढे तेकबहादूर उभा,
रात्रपाळीचा गार्ड, नंबर तीस,
हातात चुलतभावाच्या अंगातून काढलेली नक्कल.
त्याने दोन्ही टोप्या उलट्या केल्या.
"दीदी, हे मामूंचं नाही.
मामू शेवटी एक गाठ जास्त मारतात."

मला माहीत नव्हतं.
मालक मी, आणि मला माहीत नव्हतं.

मामू म्हणाले, ती जाळ्याची गाठ,
हर्णैला बापाशेजारी बसून लागलेली.
"सुटत नाय. गाठ बी, सवय बी."

तेव्हापासून आमची माणसं भेटली
की हात मिळवत नाहीत,
एकमेकांची टोपी उलटून बघतात.
बस स्टॉपवर, लिफ्टमध्ये.
एकदा दवाखान्यात मी पाहिली
दोन अनोळखी माणसं, हातात टोकन,
एकाची मान खाली, दुसऱ्याचा चष्मा वर.

मार्चमध्ये मामूंचा व्हिसा संपला.
त्यांच्या सामानात मी शून्य नंबर सरकवला.
आता आकडे मी घालते.
गाठ काही बसेना.
शिबूने नवा तुकडा परत आणला,
बोलला नाही, टोपी उलटून काउंटरवर ठेवली.
मी उसवला, पुन्हा घातला. परत तेच.
चौथ्यांदा तो स्वतःचाच चहा
प्यायला थांबला.

काल हर्णैहून फोटो आला:
शून्य नंबर मिक्सरला घातलाय,
टोपीसकट,
बाह्या मागे बांधून.
मामी विचारतायत,
फ्रिजच्या मापाचा मिळंल काय.