पाचवं नाव

नियम साधा आहे. पाच नावं नसतील
तर विषय बंद.
नियम मी केलेला नाही. मी फक्त
फेब्रुवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी, रात्री बाराला,
यादीला कुलूप घालते.

टार्टूत त्या आठवड्यात उणे अठरा होतं.
नदी इतकी गोठलेली की तिच्यावरून कुत्री फिरत होती.
प्राध्यापक राउडसार टोपी न काढताच आले माझ्या टेबलापाशी.
"शेवाळं," म्हणाले,
दवाखान्यात नातेवाइकाची चौकशी करावी तसं.
मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.
केर्तु पाल्म. बस.

"एकच आहे," मी म्हटलं.
"एक आहे," ते म्हणाले.

आमचा देश केवढा, तर
इथे विषय बंद पडला की तो
शेजारच्या शहरात सापडत नाही.
इंग्रजीत शिकवा, असं वरून सांगतात,
बाहेरची मुलं येतील, फी भरतील.
आपल्या भाषेत शिकलात तर फुकट;
मात्र दर सत्राला तीस श्रेयांक, एकही कमी नाही.
फुकटाचाही हिशेब असतो.
तो माझ्याकडे असतो.

सोमवारी ओरिस्या आली. खार्किवची, रसायनशास्त्राची,
आमची भाषा अजून अडखळत बोलणारी.
तिला तीन श्रेयांक कमी पडत होते
आणि विषय कुठलाही चालणार होता.
बुधवारी वाम्बोला.
व्होरूची बस तेवीस वर्षं चालवून निवृत्त.
"दलदल काचेतून पाहिली रोज," म्हणाला,
"खाली उतरायला थांबाच नव्हता."
आणि शुक्रवारी संध्याकाळी खालची सल्मे,
सगळ्यांचे कोट सांभाळणारी.
अर्जात 'पूर्वशिक्षण'समोर तिने लिहिलं: आठवी.
मग खोडलं. मग परत लिहिलं, ठळक.

अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं. चार नावं.
पाचामुखी परमेश्वर असतो म्हणे;
चार मुखांत कोण असतो
ते नियमावलीत दिलेलं नाही.
मी कुलूप घालणारीच आत शिरले,
माझंच नाव टाइप केलं,
मीच मंजूर केलं.

गुरुवारी सहाला, खोली दोनशे सतरा.
राउडसार काचेखाली एक पान धरतात, पान कसलं, तुसासारखं काही:
यात मेलेल्या पेशीच पाणी धरून ठेवतात,
जिवंत पेशी त्यांच्या मधून नुसत्या वाट काढतात.
दलदल वर्षाला एक मिलिमीटर वाढते.
म्हणजे सत्राला अर्धा, वाम्बोला पुटपुटतो,
आणि बसच्या जुन्या नोंदवहीत लिहून घेतो.

एप्रिलमध्ये सल्मेने हात वर केला.
"हे आम्ही घराच्या ओंडक्यांमध्ये कोंबायचो, थंडीसाठी.
याला आमच्याकडे वेगळं नाव आहे."
तिने ते उच्चारलं.
खडू थांबला.
"पुन्हा म्हणा."
तिने पुन्हा म्हटलं, जरा लाजून.
"कसं लिहायचं?"
"मला काय माहीत? बोलायचा शब्द आहे तो."
राउडसारांनी लिहिला, एक अक्षर पुसलं,
दुसरं घातलं, मागे सरकून पाहिलं.
केर्तुने उतरवून घेतला. ओरिस्याने तर
पहिल्याच झटक्यात बिनचूक उच्चारला,
न अडखळता.

परीक्षेत मला सगळ्यांत कमी गुण पडले.
त्यांची नोंदही मीच केली.

जूनमध्ये वरून पत्र आलं:
पुढल्या वर्षीपासून किमान आठ.
मी ते उभ्यानेच वाचलं आणि खाली गेले.
उन्हाळ्यात कोट नसतात. आकडे रिकामे,
नुसते पितळी नंबर चमकत होते.
सल्मेने पत्र चष्म्याशिवाय लांब धरून पाहिलं.
"आठ म्हणजे आणखी तीनच ना?"
आणि ती आकड्यांवरून बोट फिरवायला लागली:
चौदा नंबर, पियानो जुळवणारा.
एकोणतीस, कॅन्टीनमधली, तिला सुट्टी असते गुरुवारी.
आणि तो... कोण गं तो,
ज्याच्या कोटाचं दुसरं बटण
मी दोनदा शिवून दिलंय?