चारशे सतरा

ऑक्टोबरात टिल्डा येते, गाभण तपासायला.
खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा,
लोखंडी खोड्यात गाय,
आणि आत, उबेत, बोटांनी वाचायचं
पुढच्या मार्चचं पान.
"साठ दिवस." "नव्वद." "नव्वद."
मी कुंपणावर वही टेकवून लिहितो.
एमेतेरियो, पेरूच्या डोंगरातला,
भाकड निघालेल्या पाठीवर
नारिंगी खडूची रेघ ओढतो.

चारशे सतराला तिनं दोनदा चाचपलं.
मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाकड."
खडू हवेत थांबला.
"ओढ," मी म्हणालो.

नियम आजोबांचा. नॉर्वेहून आणलेला
की इथल्या पहिल्याच हिवाळ्यानं शिकवलेला, कोण जाणे:
जी वासरू देत नाही ती गवत खात नाही.
आयडाहोच्या या खोऱ्यात सात महिने बर्फ.
जुलैत बांधलेल्या प्रत्येक पेंढीवर
आधीच कुणाचं तरी तोंड असतं.

ती जन्मली त्या रात्री पारा शून्याखाली चौतीस.
कानांची टोकं गोठून गळून पडली,
अजून आखूडच आहेत.
व्हर्नानं तिला न्हाणीघरातल्या टबात धरून ठेवलं,
स्वतःही आत, गाउनसकट,
आणि माझ्यावर ओरडली:
चीक आण, उभा काय राहिलास!
टबाला खुराचा एक ओरखडा आहे.
व्हर्नाला जाऊन पाच वर्षं झाली.
मी तो घासत नाही. एवढंच.

पहिल्या वेताला तिचं वासरू मेलेलं निघालं.
मी ते सोललं.
ओलं कातडं एका पोरक्या वासरावर
अंगरख्यासारखं चढवलं, सुतळीनं बांधलं,
तिच्यापुढे ढकललं.
तिनं वास घेतला. शेपटाशी, जिथे ओळख असते.
मग पोटाखाली, जिथे माझी सुतळी होती.
मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं
आणि पान्हा सोडला.
फसली, असं मी लोकांना सांगतो.

जूनमध्ये अकरा मैल वर, सरकारी जंगलातल्या कुरणात.
पुढे तीच. लाकडी पुलावर पहिलं खूर तिचंच.
एका वर्षी सप्टेंबरातच बर्फ कोसळला.
मी दोन दिवस खिंडीत घोडा घालून हाका मारल्या,
माझाच आवाज मला परत मिळत राहिला.
घरी आलो तर फाटकाशी एकशे बारा गुरं,
वाफेचा एक ढग,
आणि सगळ्यांपुढे आखूड कानांची,
जणू उशीर मला झाला होता.

गुरुवारी ट्रक आला.
एकवीस भाकड, चढाच्या फळीशी थिजलेल्या.
कुत्रा भुंकला, ड्रायव्हरनं काठी काढली,
एकही पाय उचलेना.
तेव्हा चारशे सतरा गर्दीतून वाट काढत पुढे आली,
फळी हुंगली
आणि चढली, पूल चढते तशी.
मागोमाग सगळ्या.

लोखंडावर खुरं वाजत राहिली.
"एक उतरव," मी म्हणालो.
"कुठली?"
"सर्वात पुढची."
"तिच्यासाठी सगळ्या उतरवाव्या लागतील, ऑरिन."
"उतरव."

दुसऱ्यांदा चढवता चढवता अंधारलं.
ती कुंपणाशी उभी राहून हंबरत होती
आणि त्या माना वळवून तिच्याकडे बघत,
मागच्या पायांनी अडत,
एकेक करून आत गेल्या.
ड्रायव्हरनं दोन तास जास्तीचे लावले.
मी दिले.

एमेतेरियोनं बाहीनं तिची पाठ पुसली.
रेघ गेली नाही.
वहीत तिच्या आकड्यापुढे वासराचा रकाना,
तो मी तसाच सोडलाय.
हिवाळाभर ती खाते आहे.
मी पेंढी टाकतो, आजोबांच्या फोटोकडे
पाठ करून जेवतो.

एप्रिलमध्ये तिचे थंडीचे केस झडले,
काटेरी तारेला झुपके अडकले, तांबडे,
मधेच नारिंगी.
एक चिमणीएवढा पक्षी आला,
चोचीत मावेल तेवढं घेऊन गेला.