अर्धा गुण

बावीस वर्षं मी फळ्यावर डीएनए काढला.
दोन रंगांचे खडू, पीळ दिलेली शिडी,
पोरींना सांगायचे, वेणीसारखं समजा.
पाहिला मात्र कधीच नव्हता.

या मे महिन्यात शिक्षकांचं प्रशिक्षण निघालं,
वर्धा रोडवरच्या कापसाच्या प्रयोगशाळेत.
बाहेर सेहेचाळीस. स्कूटीचं हँडल धरवत नाही.
तोंडाला दुपट्टा, पर्समध्ये उन्हासाठी कांदा.
आणि आत, शिकवायला उभी
तृप्ती सोरते.
बारावी ब, खिडकीकडचा तिसरा बाक.
"या मॅडम," म्हणाली, "आधी ग्लोव्हज घाला."

कपाशीचं कोवळं पान खलात घोटायचं.
पान भारी हट्टी. जरा उशीर झाला
की चहासारखं तपकिरी पडतं, सगळं वाया.
माझी दोन तशीच गेली.
तिसऱ्याच्या वेळी थंडगार अल्कोहोल
नळीच्या कडेकडेने सोडलं,
आणि दोन थरांच्या मधोमध काहीतरी
गोळा होत वर आलं.
शिडी नाही, वेणी नाही.
पांढरं, बुळबुळीत, लोंबणारं.
"हाच का?"
"हाच, मॅडम."
बावीस वर्षं, आणि शेंबूड.

मशीनमध्ये चौऱ्याण्णव अंशांवर
दोन धागे एकमेकांना सोडतात.
आमच्या शहराच्या दुप्पट, वर दोन,
मी उगाच हिशेब केला.
मग पंचावन्न, मग बहात्तर, पुन्हा चौऱ्याण्णव,
असे पस्तीस फेरे.
तोवर आम्ही कॅन्टीनमध्ये तर्री-पोहे खाल्ले.

जेलमध्ये चार घरं.
पहिल्यात मोजमापाची शिडी
(शिडी अखेर इथे सापडली).
दुसऱ्यात बीटी, तिसऱ्यात गावरान कपाशी,
चौथ्यात नुसतं पाणी.
मातीतल्या जिवाणूचं जनुक असेल तिथे
पट्टी उजळणार, नसेल तिथे काळोख.
दिवा लागला.
बीटी उजळली. गावरान काळी. बरोबर.
आणि पाणीही उजळलं.

अकोल्याचे काळमेघ सर म्हणाले,
"नागपूरच्या नळालेही बीटी लावली काय जी?"
सगळे हसले. तृप्ती हसली नाही.
"टिप बदलायची राहिली असेल, मॅडम. होतं."
असं 'होतं' मी कधी
कुठल्या पोरीला म्हणाले का, आठवेना.

कुणीतरी विचारलं, शेवटी बीटी चांगली की वाईट,
एका वाक्यात सांगा.
ती म्हणाली, कुठलं वाण? कुठलं शेत? कितवं वर्ष?
मग एक बोंड चिरून पुढे ठेवलं.
आत गुलाबी अळी, सरकी खात,
बीटीच्याच बोंडात.
"ही तर मरायला हवी ना?"
"आधी मरायच्या. ज्या उरल्या,
त्यांच्या या पणत्या-खापरपणत्या."
उत्क्रांतीचा धडा मी दरवर्षी
घाईघाईत उरकते, चार गुणांचा म्हणून.
अळीला कसलीच घाई दिसत नव्हती.

शेवटच्या दिवशी तिने फळ्यावर
दोन धागे काढले.
एकाचा बाण वर, दुसऱ्याचा खाली.
आणि मला तिची सराव परीक्षेची उत्तरपत्रिका दिसली.
बाण उलटा. भोवती माझा लाल गोल.
वजा अर्धा.
ती उभी राहून म्हणाली होती,
"मॅडम, मी दुसरा धागा काढलाय."
मी म्हणाले होते, पुस्तक बघ.
पुस्तकात एकच बाण होता.

प्रमाणपत्र घेताना हळूच म्हटलं,
तृप्ती, तुझा अर्धा गुण आहे माझ्याकडे.
तिने सहीवरून मान वर केली नाही.
"साडेअडुसष्ट होते," म्हणाली,
"एकोणसत्तर झाले असते."

अजनीच्या पुलावर, गरम वाऱ्यात,
पर्समधला कांदा आठवला.
सव्वीस जूनला कॉलेज उघडेल.
आधी कांदा घोटायचा.
खडू नंतर.