हिरड्याची शाई

उभादांड्याच्या शाळेत, म्हणजे गणपतीच्या शाळेत,
पुरसो मेस्त्री आठ महिने डोकी काढतो.
उरलेले चार महिने सोंडा.

भिंतीला ठोकलंय एका जुन्या मासिकाचं पान,
मिशनच्या दवाखान्याच्या रद्दीतलं:
सात माणसांची डोकी, तपकिरी शाईत.
खालचा मजकूर झिजलाय. एवढंच लागतं
की काढणारा मूर्तिकार होता, इटलीतला,
संगमरवर फोडणारा, पाचशे वर्षांपूर्वीचा.

"फोडणाऱ्याचोच हात," पुरसो म्हणतो.
"बघ, रेघ गालार थांबना नाय.
कानामागसून वळता, मानेक जाता.
कागदाच्या पाटीकडेनसुद्धा डोकां आसा ह्येचां."
मी खिळा काढून पान उलटून बघितलं.
पाठीवर खोकल्याच्या औषधाची जाहिरात होती.

शाई तो घरीच करतो:
कुटलेला हिरडा, होडीचे गंजके खिळे, तीन उन्हं.
बोरू वहाळाकाठच्या देवनळाचा.
मग कोणालाही धरून बसवतो.
बर्फाच्या कारखान्यातला इनास,
भुवयांत कायमची थंडी घेऊन आलेला.
लिलावात ओरडून घसा बसलेली जयवंती केळुसकर;
ओठ मिटलेले काढले म्हणून भांडून गेली.
आडव्या रेघा, त्यांवर तिरप्या,
खोबणीत सावली दाट तिथे पुन्हा उभ्या.
काढतो म्हणू नये, तासतो म्हणावं.

माझ्या वेळी कान चुकला.
सवयीने हात सुपाकडे गेला,
अर्धं सूप झाल्यावर दोघंही हसलो.
ते तसंच ठेवलंय.

मातीचा टेम्पो आला की कागद माळ्यावर जातात.
पाटांवर ओळीने पोटं बसतात,
माणसाचे हात, माणसाच्या मांड्या,
गळ्यापर्यंत माणूस.
एका रात्री, उघड्या मानांवर ओली फडकी टाकताना
त्याने विचारलं,
"धडाक डोकां मेळालां, ता सगळ्यांका म्हायत.
तोडलेलां, त्या झिलाचां, ता खंय गेलां?"
मी काय सांगणार.
समुद्र ऐकू येत होता, म्हणजे वारा पश्चिमेचा.
तो पुढच्या मानेकडे सरकला.

गेल्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गेलो,
तर पाट रिकामे, आणि हा कागदावर वाकलेला.
समोर कोणी बसलेलं नाही.
मानेखालची सावली आधी,
मग हनुवटी, मग टाळूचा गोलावा,
दहा-अकरा वर्षांचा असावा.
कान? मी विचारलं.
"थांब," म्हणाला. "ताच तर येना नाय."